ज्येष्ठ शुद्ध दशमीचा रस्ता

॥ श्री ॥

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
१० सप्टेंबर २००८, भाद्रपद शुद्ध दशमी

चि. सौ. कुंदा हिस,
दादाचे अनेक शुभाशीर्वाद.

तुझे ऑगस्टातले पत्र चारुदत्ताने परवा कचेरीतून आणून दिले. येथे पोस्टमन दारी येत नाही; ज्याची कंपनी, त्याची टपालपेटी. त्यामुळे तुझ्या पत्राला माझ्याआधी चारुदत्ताचा साहेब, शिपाई आणि चहावाला एवढ्यांचे दर्शन घडते. सध्या रमझान असल्याने कचेरी तीनलाच सुटते. दीड दिवसाचा गणपती यथासांग झाला. अनुराधाने एकवीस मोदक केले. आभाने आरत्या इंग्रजी अक्षरांत लिहून घेतल्या होत्या, तरी उच्चार माझ्याहून स्वच्छ. मी कौतुक केले, तर म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट फोनेटिक्स." पंधराव्या वर्षी मीही असाच उर्मट होतो, असे तू म्हणशील; म्हणून ते मीच लिहून टाकले.

आता मुद्द्याचे. या ऑगस्टात चारुदत्ताने तुमच्याकडे येण्याच्या तिकिटांपर्यंत गोष्ट नेली होती आणि मी नको म्हटले, याबद्दल तू रागावली आहेस. सतीशरावांनी गाडी तपासून घेतली, रजा मंजूर झाली, आणि म्हाताऱ्याने पंचांग काढले. राग रास्त आहे. तरी माझी बाजू ऐक.

सुजीत ज्येष्ठ शुद्ध दशमीस गेला. गंगा भूमीवर उतरली ती हीच तिथी. त्या वर्षी ती चार जूनला होती. तुमच्या उत्तरेकडच्या पील नदीचा बर्फ नुकताच फुटला होता, गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट सुरू व्हायची होती, आणि सर्वेक्षणाची माणसे होडीने पलीकडे निघाली होती, त्यांत सुजीत होता. नऊ दिवस शोधूनही देह मिळाला नाही. ज्याचा देह नाही आणि ठावही नाही, त्याच्यासाठी शास्त्र बारा वर्षे थांबायला सांगते; मग त्याची क्रिया करावी. ती बारा वर्षे दोन हजार दहाच्या ज्येष्ठात पुरी होतात. ते तिलांजलीचे पाणी त्या नदीच्या काठी, त्या तिथीला, बापाच्या हातून पडावे, एवढी एकच इच्छा मला आता उरली आहे.

तारखांचे म्हणशील तर, पुढल्या वर्षी दशमी दोन जूनला येते, म्हणजे नदी मोकळी होण्याआधी. जाऊन उपयोग नाही. पण दोन हजार दहात वैशाख अधिक आहे. त्या जादा महिन्याने ज्येष्ठ पुढे ढकलला जातो आणि दशमी एकवीस जूनला, सोमवारी येते. तेव्हा रस्ता उघडा, फेरी चालू, बारा वर्षे पूर्ण. असा योग जुळवू म्हटला तर जुळत नाही.

तेव्हा सतीशरावांना सांग, म्हाताऱ्याने तारीख दिली आहे. दोन वर्षे तब्येत सांभाळा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
दादा


व्हाइटहॉर्स, युकॉन
४ ऑक्टोबर २००८

ती. दादास,
कुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. योग वाचला. सतीशला मोठ्यानं वाचून दाखवला, तर तो उठून आतल्या खोलीत गेला आणि तक्ता घेऊन आला. चार कागद एकाला एक चिकटवलेत. खाण खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी माणूस अजून रिपोर्ट लिहितोय.

तक्ता असा सांगतो. मे अखेर नदीवर ना बर्फाचा रस्ता ना फेरी, माणूस अलीकडे असेल तर अलीकडेच. जूनचा पहिला पंधरवडा नशिबाचा. जून अखेर रस्ता बरा, पण डास असे की चहा प्यायला तोंड उघडायची चोरी. जुलैत डास अधिक धूळ, कधी जंगलाला आग. दहा ते पंचवीस ऑगस्ट सगळ्यांत उत्तम: डास मेलेले, झुडपं तांबडीलाल, रात्री पुन्हा काळोख, म्हणजे तुझ्यासारख्याला झोप. सप्टेंबरात पुन्हा बर्फ. इथून काठापर्यंत हजार किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता धारदार खडीचा. दोन जादा टायर घ्यायचे, आणि एका टप्प्यात जवळजवळ चारशे किलोमीटर पेट्रोल नाही. हे सगळं तुझ्या अधिक महिन्यात लिहिलेलं नसतं, असं सतीशचं म्हणणं.

आणि माझं म्हणणं वेगळंच. एकवीस जूनला त्या नदीपाशी सूर्य मावळत नाही. तिथी सूर्योदयाची धरतात ना? मग जो मावळलाच नाही, तो उगवणार कधी? तुझी दशमी लागली हे तुला सांगणार कोण, अस्वल?

चेष्टा पुरे. दादा, मी चौसष्टची, सतीश एकाहत्तरचा, तू त्र्याहत्तरचा. दोन वर्षं हा शब्द तू फार सहज लिहितोस. सुजीतला इकडे नोकरी सतीशनं लावून दिली. ते तू एकदाही बोलला नाहीस, आणि न बोलण्यानं ते कमी झालेलं नाही. सतीश गाडी सज्ज ठेवतो ती सहलीसाठी नव्हे. तुला त्या काठावर सुखरूप नेऊन आणल्याशिवाय त्याला सुटका नाही. तू शास्त्री, शास्त्रात एखादी पळवाट असेलच. येत्या ऑगस्टची बघ.

इथे टीव्हीवर बँका बुडाल्याच्या बातम्या आहेत. तिकडे चारूचं ठीक ना? त्याच्या कंपनीचे म्हणे समुद्रात मनोरे चाललेत.

उत्तर लांबवू नकोस, मी वाट पाहणारी आहे.
तुझी कुंदा


॥ श्री ॥

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
१८ जानेवारी २००९

चि. सौ. कुंदा हिस,
अनेक शुभाशीर्वाद.

तुझा प्रश्न सभेत विचारण्याजोगा आहे. ज्या भूमीत शास्त्र लिहिले गेले, तेथे सूर्य नेमाने मावळत होता. शास्त्रकारांना दोष देऊ नये. मी यावर आठ दिवस विचार केला. एका घड्याळावर नाशिकची वेळ लावून न्यायची आणि तिकडचा सूर्य काहीही करो, नाशिकच्या सूर्योदयाने चालायचे, असे ठरवले आहे. अस्वलाला विचारण्याची वेळ येणार नाही.

इकडे मात्र दिवस पालटले. गॅलरीतून अकरा क्रेन दिसत. त्यांतल्या दोनच हलतात. आमच्या मजल्यावरची दोन बिऱ्हाडे पंधरा दिवसांत उठली. समोरचे कुटुंब जाताना अनुराधाला तुळशीची कुंडी देऊन गेले. आता आमच्याकडे तीन तुळशी झाल्या. रोज कुणाचे ना कुणाचे नाव निघते आणि लोक "खलास" एवढेच म्हणतात. चारुदत्ताला विचारले, तर तो म्हणाला की नियोजन विभागाला धक्का नाही. काम बंद ठेवायचे असले तरी त्याचेही वेळापत्रक लागते. हसला. मीही हसलो.

एकवीस जूनची आठवण मी त्याला दिली. "बाबा, दोन हजार दहा, पक्कं," असे त्याने तुझ्या पत्रावर हात ठेवून सांगितले. तेव्हा ऑगस्टचा आग्रह सोड. सतीशरावांबद्दल तू लिहिलेस, ते मी दोनदा वाचले. त्यांना माझा नमस्कार सांग.

आठवण ठेव, ममता ठेव.
दादा


॥ श्री ॥

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
१२ मे २००९

चि. सौ. कुंदा हिस,
अनेक शुभाशीर्वाद.

जानेवारीपासून तुझे एकही पत्र नाही. हे माझे तिसरे. ऑगस्ट नाकारला म्हणून तू अबोला धरला असशील, तर तसे लिही; अबोल्याचेही पत्र असते. चारुदत्ताला रोज विचारतो, "पेटीत काही?" तो रोज म्हणतो, "नाही बाबा, हल्ली पोस्टाचं काही खरं नाही."

त्याची बदली अबुधाबीकडच्या साइटवर झाली आहे. पहाटे साडेचारला तय्यब नावाचा पठाण चौघांना आपल्या गाडीतून नेतो. याला येथे कारलिफ्ट म्हणतात. संध्याकाळी सातला परततो तेव्हा बुटांवर लोखंडाचा कीस असतो. नियोजन करणाऱ्याच्या बुटांवर लोखंड कसे, असे मी विचारले. साइटवर सगळेच फिरतात, असे तो म्हणाला. गळ्यातली ओळखपत्राची निळी फीत दिसत नाही; नियम बदलला म्हणे. अनुराधा मार्चपासून एका बालवाडीत शिकवू लागली आहे. घरात बसून कंटाळा येत होता, असे तिने सांगितले. वीस वर्षांत तिला कंटाळा आलेला मी पाहिला नव्हता.

माझे बरे आहे. संध्या, जप, वाचन. सतीशरावांचा तक्ता मी वहीत उतरवून घेतला आहे. एक ओळ तरी धाड.

दादा


व्हाइटहॉर्स, युकॉन
६ जून २००९

ती. दादास,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुला अनुराधा देईल. तिच्या बालवाडीच्या पेटीवर पाठवते आहे. यापुढे तिथेच पाठवीन.

मी अबोला धरलेला नाही. फेब्रुवारीत, मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये मिळून तीन पत्रं लिहिली, नेहमीच्याच पेटीवर. त्यातलं एप्रिलचं परवा परत आलं, वर शिक्का, की पेटी बंद आहे. मी घाबरून फोन केला. तू झोपला होतास. अनुराधा स्वयंपाकघरात जाऊन बोलली आणि तिनं मला शपथ घातली. ती शपथ मी मोडते आहे, दादा. पाप लागत असेल तर मला लागू दे. तू तिकडे रोज पेटीचं विचारावंस आणि त्यानं रोज खोटं बोलावं, हे मला इथे बसून सोसवत नाही.

चारूची नोकरी दोन फेब्रुवारीला गेली. सकाळी कंप्युटर उघडेना, दुपारी हातात कागद. सगळा विभाग एका दिवसात. एका महिन्यात नवा व्हिसा नाही तर देश सोडायचा. तो पंचवीस दिवस हिंडला आणि अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये लागला. जिने आणि कठडे करतात तिथे. हा मापं घेतो आणि वेल्डरांची हजेरी लिहितो. बदली वगैरे काही नाही.

तुला का सांगितलं नाही, तेही सांगते. नव्या पगारावर त्याला आई-बापाचा व्हिसा काढता येत नाही. तुझा शिक्का पुढल्या उन्हाळ्यापर्यंत कसाबसा चालेल, मग नाही. त्याला वाटतं तोवर काहीतरी होईल, चांगली नोकरी लागेल, तुला तो एकवीस जूनला इथे आणील. अनुराधाला म्हणतो, बाबांना फक्त तारीख ठाऊक आहे, ती तेवढी राहू दे.

त्याला रागावू नकोस. मला हवं तर रागाव.

तुझी कुंदा


॥ श्री ॥

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
९ जुलै २००९

चि. सौ. कुंदा हिस,
अनेक शुभाशीर्वाद.

पत्र अनुराधाने दिले आणि ती उभीच राहिली. मी वाचून घडी केली. तिने चहा ठेवला. मला ठाऊक झाले हे आता तिला ठाऊक आहे, आणि चारुदत्तास ठाऊक नाही.

मी त्याला विचारलेले नाही. विचारणार होतो. त्याच संध्याकाळी तो आला, हात धुतले, आणि तुमच्या प्रांताचा मोठा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून म्हणाला, बाबा, व्हाइटहॉर्सहून पहाटे निघालं तर पहिला मुक्काम कुठे करायचा. त्याच्या तर्जनीवर भाजल्याचा डाग होता. मी चष्मा लावला आणि मुक्काम सुचवला. तेव्हापासून दर शुक्रवारी आम्ही नकाशा उघडतो. जादा टायर दोन की तीन, तंबू की लाकडी खोली, डासांची जाळी दुबईत घ्यावी की तिकडे, यावर वाद होतात. जाळीची किंमत तो दिरहमांत सांगतो आणि अनुराधा सवयीने मोठ्याने रुपये करते. मी त्याच्यासाठी खरे मानतो, तो माझ्यासाठी. एकदा आभा जवळून गेली, क्षणभर थांबली, आणि नंतर माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "आजोबा, ही इज ट्रायिंग, ओके?" मी म्हटले, मला माहीत आहे, बाळ. म्हणजे तिलाही ठाऊक होते. या घरात अज्ञानी असा मी एकटाच होतो, आणि पोथ्याही माझ्याच.

आता तू विचारलेल्या पळवाटेविषयी. ती आहे. एक नाही, अनेक आहेत. तीर्थावर गेले असता तिथी पाहावी लागत नाही. पाण्यात गेलेल्याची वाट बारा वर्षे पाहावी असेही बंधन नाही. ते नियम ठाव नसलेल्यासाठी आहेत, आणि सुजीत त्या पाण्यात गेला हे पाच माणसांनी डोळ्यांनी पाहिले होते. पळवाट अशी काही शोधायचीच नव्हती, दारच उघडे होते. गेल्या ऑगस्टात तिकिटे समोर असताना मला हे सारे पाठ होते. तुम्हा कुणाला नव्हते, म्हणून मी बोललो ते चालले.

का, ते तुला एकटीला लिहितो. पाणी दिले की माणूस गेला. जोवर तिथी जुळत नव्हती, तोवर तो गेला असे म्हणण्याची सक्ती माझ्यावर नव्हती. तो नदी ओलांडून पलीकडे कुठेतरी असावा, असे मानायला मला दरवर्षी पंचांग एक वर्ष देत होते. ते मी घेत राहिलो. त्या लोभाने हातचा ऑगस्ट गेला. एका मुलाला निरोप द्यायचे टाळले, आणि दुसऱ्याच्या बोकांडी ही तारीख बसवून ठेवली. आता तो ती पेलतो आहे आणि मला ती परत घेता येत नाही. परत घेतली, तर मला ठाऊक आहे हे त्याला कळेल. मग शुक्रवारी आम्ही करायचे काय?

सतीशरावांना यातले हवे ते सांग.

दादा


व्हाइटहॉर्स, युकॉन
२० फेब्रुवारी २०१०

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

सतीशनं आमंत्रणाचं पत्र वकिलाकडून करून घेतलंय, सोबत आहे. तिकीट आमचं. चारूला रजा नसेल तर तू एकटा ये, व्हीलचेअर सांगू, विमानातून उतरल्यापासून सतीश तुला सोडणार नाही. अर्ज लगेच कर. सतीश रोज नकाशावर नदीच्या बर्फाची बातमी लिहितो, चार महिने अगोदर.

तू त्या पत्रात जे लिहिलंस, ते वाचलं. मी सुजीतला दोन वर्षं जेवू घातलं, आणि मीसुद्धा अजून दाराकडे बघते.

तुझी कुंदा


॥ श्री ॥

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
२ मे २०१०, अधिक वैशाख

चि. सौ. कुंदा हिस,
अनेक शुभाशीर्वाद.

अर्ज परत आला. माझ्या निवासाचा शिक्का पंधरा जुलैला संपतो, आणि परतून यायला ज्याला ठिकाण नाही, त्याला तुमचा देश पाहुणा म्हणून घेत नाही. त्यांचे चूक म्हणवत नाही. नाशिकहून नव्याने अर्ज करावा, तर तोवर ज्येष्ठ संपेल. चारुदत्त तीन कचेऱ्या हिंडला. पहिल्या ठिकाणी उद्या या म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी इन्शाल्ला म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी काच ओढून घेतली.

चौदा जुलैला मी नाशिकास जातो. ही तिघे मुसफ्फ्याला एका खोलीत राहायला जातील. आभाचे बारावीचे वर्ष आहे म्हणून, नाहीतर सगळीच निघालो असतो.

गेल्या शुक्रवारी तो पुन्हा नकाशा घेऊन बसला. अर्ज गेला तरी काही मार्ग निघेल, असे काहीतरी सांगू लागला. मला पुढे ऐकवेना. मी म्हटले, "चारू, घडी कर आता. मला ज्येष्ठापासून ठाऊक आहे." त्याने कुठल्या ज्येष्ठापासून, असे विचारले. मी म्हटले, गेल्या. तो बराच वेळ नकाशाच्या कडा जुळवत राहिला. मग म्हणाला, "बाबा, मला वाटलं, तुम्हाला तेवढं तरी असू दे." मी म्हटले, "मलाही तुझ्याबद्दल तेच वाटलं." त्यानंतर आम्ही दोघांनी वरणभात खाल्ला. अनुराधाने तूप वाढले ते वाढतच राहिली. थांब म्हणायचे कुणाला सुचले नाही.

आता तुला एक सांगायचे आहे, आणि ते लिहिण्यासाठी मी तीन दिवस घेतले. नाना गेले तेव्हा तू घाटावर यायला निघाली होतीस. मुलीने पाणी देऊ नये म्हणून मी तुला पायरीवरून परत पाठवले. तू सत्तावीस वर्षांची होतीस आणि नानांचे शेवटचे सहा महिने तूच केले होतेस. मी त्या दिवशी वचन म्हणून जे काही सांगितले, ते अर्धे वचन होते. उरलेले अर्धे, मुलीलाही पाणी देता येते हे सांगणारे, मला तेव्हाही येत होते.

एकवीस जूनला तू जा. सुजीतला पाणी तू दे.

तुला जानवे नाही, तेव्हा अपसव्य वगैरेची गरज नाही. दक्षिणेकडे तोंड कर. ओंजळीत नदीचे पाणी, त्यात थोडे काळे तीळ. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडायचे. तीन वेळा. गोत्र काश्यप, नाव तू जाणतेस. पाकिटात दर्भाच्या दोन काड्या घातल्या आहेत. तुमच्या कस्टमने त्या काढून घेतल्या, तर काठचे गवत चालेल. मंत्र खाली मोठ्या अक्षरात लिहिला आहे. अडलीस तर मराठीत बोल. वेळेची चिंता करू नकोस. सूर्य असेल तोवर ती दशमीच समज. पुढची क्रिया मी नाशिकास करीन, पण पहिले पाणी तिथलेच हवे.

बापाच्या हातून पडावे असे म्हटले होते. आत्याच्या हातून पडले तर ते कमी पडणार नाही. हे मी शास्त्र म्हणून सांगत नाही. विनंती करतो आहे.

दादा


पील नदीचा काठ
२३ जून २०१०

ती. दादास,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

गाडीत बसून लिहिते आहे. मांडीवर सतीशच्या तक्त्याची फळी. काचेवर बाहेरून डास असे बसलेत की उजेड कमी झाला.

आम्ही एकोणीसला निघालो. एक टायर फाटला, दुसरा कापला गेला. सतीशनं दोन्ही बदलले, मला हात लावू दिला नाही. एकवीसला सकाळी काठावर पोचलो. फेरी बंद. वर कुठे पाऊस झालाय, पाणी चढलंय, झाडांचे ओंडके वाहून येतायत. फेरीवरच्या पट्टा घातलेल्या माणसाला सतीशनं विचारलं, कधी सुरू होईल. तो म्हणाला, नदी सांगेल तेव्हा. आमच्या मागे सात ट्रक उभे राहिले. दोन हजार दहा, एकवीस जून, तुझा अधिक महिना, सतीशचे इतक्या वर्षांचे कागद, आणि आम्ही अलीकडच्या काठावर. सुजीत मध्ये गेला की पलीकडे जाऊन गेला, हे कधी कुणी नीट सांगितलं नाही. म्हणून मला पलीकडे जायचं होतं. संध्याकाळ म्हणावी तर सूर्य आडवा फिरत होता, खाली येईना. फेरीची वाट बघावी तर दशमी जाईल, न बघावी तर काठ चुकीचा असेल. विचारायला तू नाहीस. फोन लागत नाही.

शेवटी सतीश म्हणाला, कुंदा, पाणी दोन्ही काठांना एकच आहे. त्यानं माझा हात धरून मला दगडांवरून खाली नेलं. दर्भ आला होता, कस्टमनं सोडला. दक्षिण सूर्यावरून ठरेना. सतीशनं होकायंत्र काढलं. मी ओंजळ भरली. दादा, ते पाणी इतकं गार होतं की बोटं माझी वाटेनात. तीळ घातले. मंत्र वाचला, गोत्रापर्यंत म्हटला. पुढे नाव घ्यायचं आणि त्याला लागून तो शब्द, गेलेल्याला लावतात तो. तो माझ्या तोंडून निघेना. मी नुसतं "सुजीत" म्हटलं, जेवायला हाक मारायची तसं. आणि थांबले. सोडायचं होतं, सोडवेना. सतीश शेजारी उभा, चेहऱ्यावर डास बसलेले, हात न हलवता. मी तशीच उभी राहिले. मग पाहिलं, तर ओंजळ रिकामी होती. मी काही सोडलं नाही, दादा. बोटांतून गळून गेलं. तीळ तेवढे तळव्याला चिकटून राहिले.

पुन्हा दोनदा भरली. दोन्ही वेळा तसंच.

सतीश तिथेच दगडावर बसला आणि रडला. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी त्याला तुझा नमस्कार सांगितला. पूर्वी सांगितला होता, पण तो त्यानं तेव्हा घेतला नव्हता.

फेरी अजून बंद आहे. उद्या आम्ही इथूनच मागे फिरतो. मला एवढंच सांग, की पाणी दिलं असं धरायचं की नाही? तू म्हणशील तर ऑगस्टात पुन्हा येईन.

तुझी कुंदा


॥ श्री ॥

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
११ जुलै २०१०

चि. सौ. कुंदा हिस,
अनेक शुभाशीर्वाद.

तुझे पत्र अनुराधाने आज दुपारी आणले. सामान बांधून झाले आहे, पोथ्या खोक्यात आहेत. तू विचारलेस त्याचा निर्णय मी त्यांत पाहिलेला नाही. खोके उघडावेसे वाटले नाही.

बारा वर्षांपूर्वी सतीशरावांची तार आली, तेव्हा मी सुतकाचे स्नान केले नव्हते. घरातल्या सर्वांनी केले. मी अंगणात बसून राहिलो आणि तार पुन्हा पुन्हा वाचली. हे तुला कुणी सांगितले नसेल. मला विचारायचे धाडस कुणाला झाले नाही.

आज पत्र वाचून संपवले, पंचा घेतला आणि उठलो. चारुदत्त घरी होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि शर्ट काढून तोही मागून आला. सुजीतच्या नावाने आम्ही दोघांनी स्नान केले. इथल्या जुलैत गार पाण्याच्या नळालाही गच्चीवरच्या टाकीतले कढत पाणी येते. अंगावर घेववत नव्हते. तसेच घेतले.

ऑगस्टात जायची गरज नाही.

तुम्हा दोघांना आशीर्वाद. सतीशरावांना नमस्कार; या वेळी त्यांनी तो घ्यावा.
दादा